प्राथमिक वर्गातले संगणक आणि गणित: उपक्रम व चाचण्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतल्या पहिली ते पाचवीच्या वर्गांना शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी हे पान आहे. इथले उपक्रम साध्या वर्गात आणि कमी साहित्यात होतात. शाळेत संगणक कक्ष असला तरी आठवड्यातून एक-दोनच तासिका मिळतात, हे धरूनच ते मांडले आहेत.

कक्षात दहा संगणक आणि वर्गात चाळीस मुलं. तासिका कशी लावायची?

एका संगणकावर दोनच मुलं बसवा. तीन बसवली की तिसरं मूल नुसतं बघत राहतं आणि पाच मिनिटांत त्याचं लक्ष खिडकीकडे जातं. म्हणजे एका वेळी वीस मुलं संगणकावर आणि उरलेली वीस त्याच विषयाच्या कागदी कामावर. पस्तीस मिनिटांची तासिका असेल तर पाच मिनिटं सूचना, पंधरा मिनिटं पहिला गट, पंधरा मिनिटं दुसरा.

जोडीतल्या दोघांची कामं ठरवून द्या. एकाच्या हातात माउस, दुसरा तोंडाने सांगणार. सांगणाऱ्याने माउसला हात लावायचा नाही. सात मिनिटांनी टाळी वाजवून अदलाबदल करा. हा नियम पाळला नाही तर वर्षअखेरीस असं दिसतं की घरी लॅपटॉप असलेल्या मुलानेच सगळे क्लिक केले आणि दुसऱ्याला पडद्यावरची खिडकी बंद कशी करायची हेही येत नाही. जोड्या दर महिन्याला बदला, आणि अगदी हुशार आणि अगदी नवखं अशी जोडी टाळा. थोड्याच फरकाची जोडी चांगली चालते, कारण दोघांनाही बोलायची गरज पडते.

कागदी कामाचा संबंध संगणकावरच्या कामाशीच हवा. आत स्क्रॅचमध्ये (सूचनांचे ठोकळे जोडून कार्यक्रम लिहायची मुलांची संगणकभाषा) चौरस काढायचा असेल तर बाहेर बसलेल्यांनी त्याच्या सूचना वहीत क्रमाने लिहायच्या. गट बदलल्यावर ती वहीच आत न्यायची.

वीज गेली किंवा संगणकच नसले तर संगणक शिकवायचा कसा?

फरशीवरचा रोबो हा सगळ्यात उपयोगी उपक्रम. खडूने ५ × ५ चौकटी आखा, प्रत्येक चौकट साधारण ४० सेंटीमीटरची, म्हणजे सगळी जाळी दोन मीटर बाय दोन मीटरची. जुन्या पुठ्ठ्याच्या तीन प्रकारच्या पट्ट्या करा: ‘पुढे’, ‘डावीकडे वळ’, ‘उजवीकडे वळ’. एका गटाला ‘पुढे’च्या बारा आणि वळणाच्या सहा-सहा पट्ट्या पुरतात. एक मूल रोबो. बाकीच्यांनी पट्ट्या आधी ओळीने मांडायच्या आणि मगच रोबोने चालायचं. चालता चालता पट्टी बदलली तर उपक्रमाचा हेतूच जातो, कारण मूल पुढचा विचार करायचं सोडून प्रत्येक पावलाला अंदाज करत बसतं.

इथे दोन चुका हमखास होतात. ‘उजवीकडे वळ’ म्हटलं की मूल वळतं आणि एक पाऊलही टाकतं. वळणं आणि सरकणं वेगळं आहे हे पहिल्याच दिवशी फक्त वळण्याच्या पट्ट्या देऊन पक्कं करा. दुसरी चूक म्हणजे रोबो वर्गाकडे तोंड करून उभा असला की बघणाऱ्यांचं डावं-उजवं उलटं होतं. सुरुवातीला सूचना देणाऱ्यांना रोबोच्या पाठीमागे उभं करा. सवय झाली की समोर आणा.

मूल्यमापनासाठी आठ पट्ट्यांची तयार ओळ द्या, त्यात एक पट्टी मुद्दाम चुकीची. ‘रोबो कुठे पोहोचेल? कोणती पट्टी बदलाल?’ स्वतः ओळ लावणाऱ्यापेक्षा दुसऱ्याच्या ओळीतली चूक शोधणाऱ्या मुलाला क्रम जास्त कळलेला असतो.

चौथी-पाचवीला बिंदूंची पाच कार्डं द्या: १६, ८, ४, २ आणि १ बिंदू. कार्ड उघडं किंवा पालथं एवढंच करायचं. या पाच कार्डांत ० ते ३१ पर्यंतची प्रत्येक संख्या बसते, म्हणून सगळ्यांची जन्मतारीख त्यात लिहिता येते. २१ तारीख म्हणजे १६, ४ आणि १ उघडी. मोठ्या कार्डापासून सुरुवात करायला सांगा. लहानापासून सुरू करणारी मुलं मध्येच अडकतात.

संख्यारेषा शिकवायला मुलांच्या ओळखीचं काय घेता येईल?

ट्रान्स-हार्बरची लोकल. ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. ही नऊ नावं फरशीवर एका रेषेत लिहा. (वर्गातला तक्ता २०२४ च्या आधीचा असेल तर त्यात दिघा गाव नसेल. ते स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं.) मग तीन प्रश्न विचारा:

ठाण्यापासून वाशी हे कितवं स्थानक? नववं.
ठाण्याहून वाशीला जायला किती उड्या? आठ.
मध्ये किती स्थानकं लागली? सात.

चित्र एकच, उत्तरं तीन. ‘३ पासून ११ पर्यंत किती?’ अशा उदाहरणात मुलं एकाने का चुकतात ते इथे डोळ्यांसमोर दिसतं: मूल उड्या मोजायच्या ऐवजी उभं राहायच्या जागा मोजत असतं. पट्टीवर लांबी मोजताना शून्याऐवजी एकपासून सुरू करणारं मूलही हीच चूक करत असतं. संगणकावर ‘किती वेळा पुन्हा कर’ हा आकडा चुकतो तोही याच कारणाने. या एका उपक्रमाला दोन पूर्ण तासिका द्या, पुढचे बरेच त्रास वाचतात.

‘जर–तर’ शिकवायलाही हीच रेषा घ्या. तुर्भ्यानंतर रुळांना दोन फाटे आहेत. गाडी वाशीची असेल तर पुढे सानपाडा, नेरूळ-पनवेलची असेल तर जुईनगर. एका मुलाच्या हातात गाडीची पाटी द्या. तुर्भ्याच्या चौकटीत आल्यावर पाटी वाचून मगच वळायचं. ऐरोली-घणसोलीच्या मुलांना हे समजावूनही सांगावं लागत नाही. डोंबिवलीकडच्या शाळांनी आपल्या बाजूची स्थानकं घ्यावीत, मुलांनी न पाहिलेली नावं घेऊ नयेत.

दुसरी-तिसरीची मुलं ४७ सांगितलं की ७४ लिहितात. हे कसं सुटेल?

मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर, लिहितो मात्र दशक आधी. ‘सत्तेचाळीस’ ऐकून सात आधी लिहिणारं मूल कानाला प्रामाणिक असतं. ‘एकोण’च्या संख्यांत अडचण आणखी वाढते. ‘एकोणसाठ’मध्ये साठ ऐकू येतं, म्हणून मूल ६९ लिहितं. नव्व्याण्णव तर त्या रांगेतही बसत नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा राज्यभर वाद झाला. आमच्या मते गठ्ठे हाताळताना ‘चार दशक सात’ असं म्हणणं ही चांगली पायरी आहे. पण मुलांना सत्तेचाळीस आलंच पाहिजे, कारण बाजारात आणि घरात तेच ऐकू येतं.

साहित्य: चार मुलांच्या गटाला आइस्क्रीमच्या १०० काड्या आणि १० रबरबँड. मुलांनीच दहा-दहाचे गठ्ठे बांधायचे. तयार गठ्ठे दिले तर दहा सुटे म्हणजे एक दशक हे हातातून जात नाही. क्रम असा ठेवा: संख्या ऐका, गठ्ठे आणि सुटे मांडा, ‘चार दशक सात’ म्हणा, आणि शेवटी लिहा. लिहिण्याची घाई केली की पुन्हा ७४ येतं.

चाचणीत १० संख्यांचं श्रुतलेखन घ्या, पण संख्या निवडून: ४७, ७४, २५, ५२ या उलटणाऱ्या, ३९, ५९, ७९ या ‘एकोण’च्या, ३०, ८० या पूर्ण दशकाच्या, आणि ९९. त्याच मुलाला दुसऱ्या दिवशी त्याच संख्या गठ्ठ्यांनी दाखवायला सांगा. गठ्ठे बरोबर आणि लेखन चूक असेल तर त्याला स्थानिक किंमत कळते, नावं पक्की व्हायची आहेत. दोन्ही चूक असेल तर काड्यांकडे परत जा.

हातच्याच्या बेरजा-वजाबाक्या घोटून घेतल्या तरी चुका तशाच राहतात. का?

चुका सहसा एका ठरलेल्या पद्धतीने होतात, आणि ती पद्धत ओळखल्याशिवाय आणखी पन्नास उदाहरणं देऊन काही होत नाही. उलट चूकच पक्की होते. ४७ + ३८ चं उत्तर पाहा. ७५ आलं तर मूल हातचा विसरलं. ७१५ आलं तर हातचा काय ते माहीतच नाही, दोन्ही बेरजा शेजारी शेजारी लिहिल्या. १२१ आलं तर पंधरातला १ खाली लिहून ५ वर नेला. या तिन्ही मुलांना वेगवेगळी मदत लागते.

वजाबाकीला ही पाच उदाहरणं द्या, याच क्रमाने:

५८ − २३. इथे काही सुटं करायचं नाही. हेच चुकलं तर पुढे जाऊ नका.
५२ − २७. उत्तर ३५ आलं तर मूल प्रत्येक रकान्यात मोठ्यातून लहान वजा करतंय.
६० − ३४. उत्तर ३४ आलं तर शून्यातून चार जात नाहीत म्हणून चारच लिहिले.
४५ − ३८. उत्तर १३ आलं तर दुसऱ्या उदाहरणातलीच चूक आहे. ०७ आलं तर पद्धत बरोबर आहे, फक्त दशकाचं शून्य लिहायचं नसतं एवढं सांगा.
३०४ − १२८. इथे मधल्या शून्यापाशी अडकतात. शतक सुटं करून आधी दहा दशकं, मग त्यातलं एक सुटं करून दहा एकक: हे नोटांनी करा. शंभराची नोट, दहाच्या दहा, मग एकाची दहा नाणी. उत्तर १७६.

ठाण्याच्या मुलांना पाचवीत याचाच मोठा नमुना देता येतो: देशातली पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदर ते ठाणे १८५३ साली धावली, २०२५ साली त्याला किती वर्षं झाली? २०२५ − १८५३ मध्ये शतकाच्या जागी शून्य येतं आणि तिथेच चूक होते. उत्तर १७२.

माउस आणि कीबोर्ड कोणत्या इयत्तेत किती यायला हवा?

पहिली-दुसरीला नेम धरून क्लिक आणि वस्तू ओढून ठेवणं. तिसरीला डबल क्लिक, फाइल जतन करणं, ती पुन्हा शोधून उघडणं. चौथी-पाचवीला दोन्ही हातांनी टंकलेखन, फोल्डर करणं, कॉपी-पेस्ट. फाइल पुन्हा शोधणं हे सगळ्यांत दुर्लक्षित कौशल्य आहे. मूल सुंदर चित्र काढतं, जतन करतं, आणि ते कुठे गेलं हे त्याला माहीत नसतं. म्हणून जतन करण्याची चाचणी त्याच तासिकेत घेऊ नका. पुढच्या आठवड्यात ‘तुझी फाइल उघडून दाखव’ एवढंच म्हणा.

लहान हातांना डबल क्लिक जमत नाही, कारण दोन क्लिकांच्या मध्ये माउस हलतो. मनगट टेबलावर टेकवायला सांगा, आणि सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेग कमी करा. मोठ्यांच्या खुर्चीवर बसलेल्या पहिलीच्या मुलाचे पाय लोंबकळतात, खांदे वर जातात आणि हात लवकर दुखतो. पायाखाली लाकडी पाट ठेवा. डावखुऱ्या मुलाला माउस डाव्या बाजूला घेऊ द्या, बटणं मात्र उलटवू नका. उलटवली तर पुढच्या वर्गातल्या मुलाला तो संगणक बिघडल्यासारखा वाटतो.

मराठी टंकलेखन इनस्क्रिप्टने शिकवावं की इंग्रजी अक्षरांतून?

इनस्क्रिप्टने, म्हणजे थेट मराठी अक्षरांच्या कीबोर्ड मांडणीने. तिसरीच्या मुलाचं इंग्रजी स्पेलिंग कच्चं असतं, आणि इंग्रजी अक्षरांतून टाइप करताना ‘त’ की ‘ट’, ‘न’ की ‘ण’ हे त्याला शब्दांच्या यादीतून निवडावं लागतं. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला अशी मांडणी आहे, आणि मूल जसं उच्चारतं त्याच क्रमाने अक्षरं दाबली जातात. पहिल्या आठवड्यात बिनमात्रेचे शब्द घ्या: कमल, नगर, सरस, वजन. मग काना, मग वेलांटी. जोडाक्षरं महिन्याभराने. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, पण दाबायची अक्षरानंतर. इथे सगळी मुलं अडतात, म्हणून ‘किरण’, ‘दिवस’, ‘शिवण’ असे शब्द वेगळे काढून द्या. वेग मोजू नका, प्राथमिकला अचूकता पुरे.

स्क्रॅचमध्ये भूमितीचं काय करता येतं?

चौथी-पाचवीला बहुभुज आकृत्या. स्क्रॅच इंटरनेटशिवाय चालणाऱ्या रूपातही मिळतो, तोच कक्षात टाकून ठेवा. आकृती काढायला ‘पेन’ हा वेगळा गट खालच्या डाव्या बटणातून जोडावा लागतो. तो आधीच जोडलेली फाइल प्रत्येक संगणकावर ठेवली तर दहा मिनिटं वाचतात.

प्रत्येक कार्यक्रमाची सुरुवात चार सूचनांनी: सगळं पुस, मध्यभागी जा, दिशा ९० कर, पेन खाली टेकव. या नसतील तर दुसऱ्यांदा चालवल्यावर स्क्रॅचच्या पडद्यावर फिरणारं मांजर जिथे थांबलं होतं तिथूनच सुरू होतं आणि मुलांना वाटतं कार्यक्रम चुकला. चौरसासाठी ‘४ वेळा: १०० पुढे, ९० अंश वळ’. पटकन काढून झालं तर काही दिसत नाही, म्हणून आत एक सेकंद थांबण्याची सूचना घाला. बाजू १०० च्या आसपासच ठेवा. पडदा ४८० बाय ३६० एककांचा आहे, मध्यापासून ३०० पुढे गेलं की मांजर कडेला अडकतं.

आता समभुज त्रिकोण. मुलं ६० अंश वळवतात, कारण पुस्तकात त्रिकोणाचा कोन ६० असतो. मांजर तीन बाजू काढतं, पण आकृती बंद होत नाही. लगेच उत्तर सांगू नका. बाहेर नेऊन खडूच्या त्रिकोणावर एका मुलाला चालवा आणि कोपऱ्यावर त्याचं तोंड किती फिरलं ते बघायला सांगा. ते १२० अंश फिरतं. पूर्ण फेरीत ३६० अंश, तीन वळणं, म्हणून एकेक १२०. मग पंचकोनाचे ७२ मुलं स्वतः काढतात. ज्याने काढले नाहीत त्याने चालून पाहिलेलं नसतं.

स्प्रेडशीट पाचवीला झेपते का?

छोटी झेपते. चार स्तंभ: भाजी, किलो, दर, रक्कम. पाच ओळी, भाव मुलांनी घरून विचारून आणलेले. आधी प्रत्येक रकमेचा तोंडी अंदाज वहीत लिहायचा, मग सूत्र. उत्तर अंदाजापासून फार लांब गेलं तर सूत्र तपासायचं. ‘४० रु.’ असं एकाच चौकटीत लिहिलं की तो मजकूर होतो आणि बेरजेत धरला जात नाही. असा मजकूर चौकटीच्या डाव्या कडेला चिकटतो, संख्या उजव्या. ही खूण मुलांना शिकवा. आकडे इंग्रजी कीबोर्डनेच टाका.

संगणकावर घेतलेल्या गणिताच्या चाचणीचे गुण ग्राह्य धरावेत का?

एकटे धरू नयेत. मूल चुकलं तर ते गणितात चुकलं की माउस घसरला, हे गुणांवरून कळत नाही. म्हणून प्रत्येक ऑनलाइन चाचणीत पहिले दोन प्रश्न असे ठेवा की ज्यांत गणित नाही: ‘निळ्या चौकोनावर क्लिक कर’, ‘२५ हा आकडा टाइप कर’. इथे अडलेल्या मुलाची पुढची चाचणी कागदावर घ्या. उलटंही करा: संगणकाच्या कौशल्याची चाचणी घेताना गणित अगदी सोपं, मागच्या इयत्तेचं ठेवा. दोन्ही नवीन गोष्टी एकाच प्रश्नात घातल्या तर त्या प्रश्नाचं उत्तर काहीच सांगत नाही.

गूगल फॉर्ममध्ये लघुत्तरी प्रश्न असेल तर उत्तरसूचीत देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही अंकांतलं उत्तर भरा. नाहीतर बरोबर उत्तर चूक ठरतं आणि ‘२५ रुपये’ लिहिणारं मूलही शून्य मिळवतं. बहुपर्यायी प्रश्न चांगले, पण पर्याय विचारपूर्वक द्या. ५२ − २७ ला २५, ३५, ७९, २४ असे. ७९ निवडणाऱ्याने बेरीज केली, ३५ वाल्याचं कारण वर आलंच आहे. मग निकालाचा तक्ताच कोणाला काय शिकवायचं ते सांगतो.

चाळीस मुलांची तोंडी चाचणी घ्यायला वेळ कुठून आणायचा?

एका मुलाला तीन मिनिटं, रोज आठ मुलं, पाच दिवसांत वर्ग पूर्ण होतो. रोजची चोवीस मिनिटं लागतात, त्या वेळी बाकीच्यांना स्वाध्याय. तीनच प्रश्न विचारा, आणि प्रत्येक उत्तरानंतर ‘कसं काढलंस?’ हे विचाराच. बरोबर उत्तरानंतरही. फक्त चुकल्यावरच विचारलं तर मुलं तो प्रश्न ऐकताच उत्तर बदलतात.

नोंदी कशा ठेवायच्या?

एका वहीत नावं उभी, कौशल्यं आडवी, आणि तीनच खुणा: ‘स्व’ म्हणजे स्वतः केलं, ‘म’ म्हणजे मदतीने, ‘न’ म्हणजे अजून नाही. शेजारी तारीख. एका तासिकेत सहा-सात मुलांचीच नोंद करा. सगळ्यांची करायला गेलात तर शिकवणं थांबतं आणि नोंदी अंदाजाने भरल्या जातात. २०१० पासूनच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या रचनेत पहिली-दुसरीला आकारिकला (वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाला) ७० आणि संकलितला (सत्राअखेरच्या चाचणीला) ३० टक्के, तिसरी-चौथीला ६० आणि ४० असं वजन आहे. तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, निरीक्षण ही आकारिकची साधनंच आहेत, तेव्हा वरचे उपक्रम वेगळं ओझं न होता त्यातच बसतात. तुमच्या शाळेत समग्र प्रगतिपुस्तकाचा नमुना आला असेल तर याच वहीतून तो भरता येतो.

पालक म्हणतात, संगणकाच्या तासाला मुलं नुसती खेळतात.

पालकसभेत एक पट्ट्यांची ओळ त्यांनाच लावायला द्या. तीस सेकंदांत त्यांना यातला विचार कळतो. घरी संगणक नसला तरी चालेल. किराण्याची यादी क्रमाने लावणं, दुकानात सुट्या पैशांचा हिशेब करणं, लोकलची स्थानकं मोजणं एवढं सांगा. मोबाइलवर गणिताची ॲप लावून बसवणं आम्ही सुचवत नाही. तिथे मूल चुकलं की लगेच दुसरा पर्याय दाबतं, आणि चुकीचं कारण कोणी बघत नाही.

जूनमध्ये शाळा उघडली की निम्मे संगणक सुरूच होत नाहीत. काय करावं?

मेच्या सुट्टीत यंत्रं बंद असतात आणि उघडताना पाऊस सुरू झालेला असतो. खाडीजवळच्या दमट हवेत मेमरीच्या पट्टीच्या टोकांवर गंज किंवा थर बसतो. सुट्टीत पंधरा दिवसांतून एकदा सगळे संगणक तासभर चालवायची जबाबदारी कोणाला तरी द्या. बंद पडलेल्या संगणकाची वीज काढून, मेमरीची पट्टी बाहेर घेऊन, तिची टोकं खोडरबरने हलकी पुसून परत नीट बसवा. हे मोठ्या माणसानेच करायचं. यूपीएस सगळी सुट्टी चार्जिंगविना पडून राहिला तर बॅटरी बसते, तोही त्याच वेळी चालू करून घ्या. माउस फक्त उड्या मारत असेल तर तळाच्या भिंगावरची धूळ कोरड्या कापसाने काढा आणि खाली पांढरा कागद ठेवा. चकचकीत सनमाइकावर त्याला पृष्ठभाग नीट दिसत नाही.